माझी आई इकडं द्या

"क्लायंट तू हो," मॅडम म्हणाल्या. "तुझ्या तोंडात ही भाषा बरोबर बसते."

वर्गात बावीस जणं. पुढं दोन खुर्च्या, एक समुपदेशकाची, एक क्लायंटची. नांदेडच्या एका संस्थेत मी समुपदेशनाची पदविका करून राहिले होते. हा सरावाचा तास. वर्ष सरत आलं होतं आणि वर्षभरात एकदाही मला समुपदेशकाची खुर्ची मिळाली नव्हती. नवऱ्यानं टाकलेली बाई, मी. दारुड्याची बायको, मी. दहावी नापास झालेली पोरगी, तीबी मीच. समोर बसून मान हलवायला आणि "मी समजू शकते" म्हणायला ऋतुजा, न्हाईतर तिच्यासारखी दुसरी कुणी. तिचे वडील नांदेडातले मोठे डॉक्टर. मी रडायचं नाटक करायची. लई खरं वाटतं म्हणायच्या सगळ्या.

त्या दिवशी मॅडमनी झेरॉक्स वाटल्या. विषय होता समानुभूती. कागदावर वर छापलेलं, 'केस क्रमांक सात'. खाली, 'स्त्री, वय बावीस, ग्रामीण, मागासवर्गीय. नाव बदलले आहे.' नाव सुनीता ठेवलेलं. त्याच्याखाली सुनीताचं पहिलं वाक्य.

'मॅडम, आतून उलून राहिलंय.'

ते वाक्य माझं होतं.

उन्हाळ्यात जमीन उलते, भेगा पडतात. आईच्या टाचा उलतात. आमच्याकडं लोह्याच्या बाजूला हा रोजचा शब्द हाय. मॅडमनी त्याच्याखाली रेघ मारलेली आणि बाजूला अर्थ लिहिलेला, 'अपराधभाव'.

"बघा, काय गोड शब्द आहे," मॅडम वर्गाला म्हणाल्या.

आठ दिवसांआधीच मी ऋतुजाला म्हणाले होते, "ओठ उलले गं माझे, व्हॅसलीन दे." दिवसभर पोरींनी मला उलले-उलले म्हणून चिडवलं होतं. आता एकेक मान माझ्याकडं वळली. आधी ऋतुजाची, मग तिच्या बाजूचीची, मग मागच्या बाकावरच्यांची. नाव बदललं होतं. माझी जीभ कोण बदलणार?

हे मॅडमकडं कसं गेलं ते सांगते. समुपदेशक व्हायचं तर आधी स्वतः क्लायंट होऊन बघायचं, असा आमच्या पदविकेचा नियम. प्रत्येकीनं मॅडमपुढं दहा बैठका करायच्या. छोटी खोली, दार बंद, टेबलावर पाण्याचा ग्लास. खोलीतलं खोलीत राहणार, मॅडमनीच सांगितलेलं. वर्गात त्या मला अगं-तुगं करायच्या, पण त्या खोलीत मी 'तुम्ही' व्हायची. पाऊण तास मला कुणी 'तुम्ही' म्हणतंय, यानंच मी विरघळले. मूर्ख मी. पाचव्या बैठकीला मी त्यांना ते सांगितलं जे जन्मात कुणाला सांगितलं नव्हतं.

बारावीनंतर मी लातूरला क्लासला होते. मेडिकलची परीक्षा द्यायची होती. मुलींच्या होस्टेलात एका खोलीत चौघी. पहिल्याच दिवशी आडनाव विचारलं. मी गावाच्या नावाला 'कर' जोडून सांगितलं. खोटं म्हणावं तर खोटं न्हाई, खरं म्हणावं तर खरं न्हाई. तिथं पोरी उघड बोलायच्या, "त्यांचं काय गं, त्यांना कमी मार्कात मिळतं." मी मान खाली घालून भौतिकशास्त्र वाचायची. 'हाय'चं 'आहे' केलं, 'न्हाई'चं 'नाही' केलं. दोन महिन्यांत मी अशी बोलायला लागले की माझं मलाच ओळखू येईना.

एका रविवारी आई आली. न सांगता. पहाटेची एसटी धरून, हातात कापडी पिशवी, गळ्यात निळं लॉकेट. मी आणि माझी एक रूममेट गेटापाशीच होतो. आई वॉचमनला मोठ्यानं म्हणाली, "जय भीम दादा, माझी पोरगी हितं राहती."

रूममेटनं मला विचारलं, "कोण गं ही?"

मी म्हणाले, "आमच्या घरी कामाला आहे ती."

'हाय' न्हाई. 'आहे'. असं स्वच्छ, शुद्ध मराठीत म्हणाले.

आईनं ऐकलं. तीन हातांवर तर उभी होती. एकदा माझ्याकडं बघितलं, मग पिशवी पुढं केली.

"घ्या ताई," आई मला म्हणाली. "तुमच्या माईनं भाकरी अन् चटणी धाडलीय."

मला, ताई. मला, घ्या.

मी पिशवी घेतली आणि जिना चढले. मागं वळून बघितलं न्हाई. भाकरी रूममेटींनी खाल्ल्या. चटणी लई आवडली त्यांना.

त्यानंतर माझ्यानं अभ्यास झाला न्हाई. परीक्षेत पडले, गावी आले आणि आठ महिने अंथरुणात पडून होते. आईनं त्या दिवसाचं एका शब्दानंबी काढलं न्हाई. मीबी न्हाई. हे मी मॅडमना सांगितलं तेव्हा म्हणाले, "मॅडम, आतून उलून राहिलंय." त्या म्हणाल्या, "म्हणजे तुम्हाला अपराधी वाटतंय." मी म्हणाले, "न्हाई, उलून राहिलंय." त्यांनी वहीत लिहिलं. मला वाटलं, लिहून राहिल्या म्हणजे समजून राहिल्या.

आता ते लिहिलेलं बावीस जणांच्या हातात होतं. गेट, पिशवी, 'घ्या ताई', सगळं. फक्त लातूरचं औरंगाबाद केलेलं.

"काय वाटतं या क्लायंटबद्दल?" मॅडमनी विचारलं.

"मॅडम, सख्ख्या आईला असं कोण म्हणतं?" ऋतुजा म्हणाली. माझ्याकडं न बघता म्हणाली. "आमच्यात असं नाही होत."

आमच्यात! तुझ्या आईला गेटावर बघून कुणाचं नाक वाकडं झालं असतं गं? तुला कशाला करावं लागंल असं?

तेही मी गिळलं. मी ते केलंच होतं. माझी लाज माझी होती, ती खायला मी तयार होते. मग मॅडमनी शेवटची ओळ मोठ्यानं वाचली. "आईने निमूटपणे मोलकरणीची भूमिका स्वीकारली. यावरून आईचा आत्मसन्मान खालावलेला दिसतो."

माझी आई गावातल्या शाळेत खिचडी शिजवते. पहिल्या वर्षी काही घरची पोरं तिच्या हातचं खात नव्हती. घरून डबे आणायची. आई रोज त्यांचीबी खिचडी शिजवायची, पटावर जेवढी पोरं तेवढी. उरली की पातेलं उचलून हेडमास्तरच्या टेबलावर नेऊन आदळायची. "उरली सर. का उरली ते लिवा." हेडमास्तर म्हणायचे, "बाई, कशाला?" आई म्हणायची, "लिवा." दोन महिने रोज. शेवटी हेडमास्तरनं त्या पोरांच्या बापांना बोलावलं, आणि पोरं पंगतीत बसली. ती बाई! तिचा आत्मसन्मान खालावलेला! आणि हे ठरवणार कोण, तर जिनं माझ्या आईचं तोंडबी बघितलं न्हाई ती.

"चल ये," मॅडम मला म्हणाल्या. "वाक्यं समोर आहेतच. ऋतुजा, तू समुपदेशक."

मी जाऊन बसले. क्लायंटच्या खुर्चीत. का बसले? सवय. वर्षभराची सवय.

ऋतुजानं मान तिरकी केली. मॅडम करतात तशी. "सुनीताताई, तुम्हाला अपराधी वाटतंय का?"

मी कागद मांडीवर ठेवला.

"बोल ना," मॅडम म्हणाल्या. "लिहिलंय ते वाच."

कागदावर माझंच वाक्य होतं. ते मी पाठ म्हणायचं, त्यांनी ऐकायचं, मग त्यावर चर्चा करायची. मला लातूरचं गेट दिसलं. तिथंबी कुणीतरी विचारलं होतं आणि उत्तर द्यायला मला एक क्षणच मिळाला होता.

"ही केस न्हाई," मी म्हणाले. "ही मी हाय. अन् ती बाई माझी आई हाय."

मॅडम हसल्या. खरंच हसल्या. "नाव बदललंय की मी. गोपनीयता पाळली आहे पूर्ण."

"मला विचारलं व्हतं का?"

"हे बघ, तू फार मनाला लावून घेतेस. समुपदेशकाला तटस्थ राहता आलं पाहिजे. तुमच्यासारख्या मुलींना पुढे आणायला आम्ही किती धडपडतो, आणि तुम्ही..."

वर्षभर ह्याच बाई फळ्यावर लिहायच्या, समानुभूती म्हणजे परकायाप्रवेश. मी वहीत उतरवून घेतलेलं, दोन रंगांनी. परकायाप्रवेश म्हणे! शिरल्या माझ्यात, आणि निघताना घरातलं सामान उचलून नेलं. वर मलाच म्हणतात, बघ, किती छान मांडलंय.

मी उठले. पहिल्या बाकापासून कागद गोळा करायला लागले. कुणाला काही बोलले न्हाई, फक्त हात पुढं. पहिल्या बाकावरच्या शबानानं घडी घालून दिला, मान वर केली न्हाई तिनं. एक-दोघींनी भीत भीत मॅडमकडं बघितलं आणि दिला. ऋतुजा कागद धरून बसली. मी हात पुढं करून उभी राहिले. उभीच राहिले. शेवटी तिनं सोडला.

"सरावाच्या वहीवर माझी सही लागणार आहे, विसरू नका," मॅडम म्हणाल्या. आता त्या 'तुम्ही' म्हणून राहिल्या होत्या. सगळ्यांपुढं पहिल्यांदा.

ती सही म्हणजे माझी पदविका होती. तालुक्याच्या एका दवाखान्यात समुपदेशकाची जागा निघाली होती, महिन्यावर मुलाखत होती. सही न्हाई तर जागा न्हाई. आई गावभर सांगून बसली होती, पोरगी दवाखान्यात लागणार म्हणून. सगळं मला ठाऊक होतं.

"सही राहू द्या तुमच्यापाशी," मी म्हणाले. "माझी आई इकडं द्या."

मी त्यांच्या हातातला कागद घेतला आणि निघाले.

दुपारच्या गाडीनं गावी गेले. आई शाळेतून येऊन ओसरीवर बसलेली. मी कागद पुढं ठेवले आणि सगळं सांगितलं. लातूरचंसुद्धा, पाच वर्षांनी पहिल्यांदा. वाटलं होतं, आई जवळ घेईल. आपल्याला तेवढंच पाहिजे असतं.

आई म्हणाली, "वाच. माझं काय लिवलंय ते वाच."

मी वाचलं. आत्मसन्मान म्हणजे काय ते तिला सांगावं लागलं न्हाई.

"मी कमी म्हणून न्हाई बोलले तवा," आई म्हणाली. "तू त्या पोरींत उघडी पडशील म्हणून बोलले. त्या बाईला काय कळतंय?" मग माझ्याकडं बघून म्हणाली, "पण तिला सांगितलं कुणी? तू. लातूरहून अहमदपूर येईस्तोवर रडले मी गाडीत, कंडक्टरलाबी कळू दिलं न्हाई. ते माझं व्हतं. तू कशी देऊन आलीस?"

गेटावर एकदा नाकारलं तिला, आणि खोलीत बसून दुसऱ्यांदा देऊन आले. मॅडमनं नेलं हे खरं. दार उघडून दिलं ते मी, हेबी खरं. आई चार दिवस माझ्याशी धड बोलली न्हाई. मला बरं वाटावं असं ती काही बोलली न्हाई, आणि मी मागितलंबी न्हाई.

पाचव्या दिवशी मी संस्थेला अर्ज दिला. बंद खोलीतलं माझं बोलणं मॅडमनी मला न विचारता वर्गात वाटलं, एवढंच लिहिलं. संस्थाचालकांनी बोलावलं. गोड बोलले. "मॅडमची माफी मागा, अर्ज मागे घ्या, सही आजच्या आज मिळेल." मी विचारलं, माफी कशाची? ते म्हणाले, "वर्गात गोंधळ घातल्याची." मी चहा तसाच ठेवून उठले. मुलाखतीचा दिवस आला आणि गेला. ती जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली.

हे लिहायच्या आधी आईला विचारलं. ती म्हणाली, "लिव. पण त्या बाईवानी न्हाई. मी बोलले तसं लिव." म्हणून असं लिहून राहिले. कुणाला भाषा गोड वाटली तर ती गोडी त्यांनी आपल्यापाशी ठेवावी.

मी समुपदेशक होणार. त्या सहीनं न्हाई तर दुसरीकडं पहिल्यापासून वर्ष घालून. माझ्यापुढं बसलेलं माणूस "उलून राहिलं" म्हणालं तर मी "उलून राहिलं" म्हणेन. त्याला दुसरा शब्द देणार न्हाई. त्याचं बोलणं त्याला विचारल्याबिगर त्या खोलीतून बाहेर जाणार न्हाई, माझ्या हातून तर न्हाईच.

अर्ज तसाच हाय. पहिल्याचं लेखी उत्तर आलं न्हाई, दुसरा दिला. आता तिसरा लिहून राहिले, या बारीला जिल्ह्याच्या कचेरीला. कारण बावीस झेरॉक्सा मी गोळा केल्या, मॅडमच्या हातातला कागद घेतला, पण ज्या वहीत त्यांनी पहिल्यांदा लिहिलं ती वही अजून त्यांच्या कपाटात हाय. पुढच्या वर्षी नवी पोरं येतील. त्या परत केस क्रमांक सात काढतील.

त्या वहीत माझी आई हाय. एकदा तिला गेटावर सोडून मी जिना चढले होते. या बारीला तिला घेतल्याबिगर मी हलणार न्हाई.