अल्फियाचं ओलं मीठ

अल्फिया आमच्या घरी येते, पण बसत नाही. बहारीनच्या झिंज भागातल्या या इमारतीत ती माझ्या वरच्या मजल्यावर राहते. आली की स्वयंपाकघर ते बाल्कनी अशा येरझाऱ्या घालत बोलते आणि चहाही ओट्याशी उभ्यानंच पिते. तिच्याशी बोलताना माझी मान दुखते, हे माझं तिला सांगून झालेलं आहे.

मूळची ती दापोलीकडची. केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाली आणि लगेच लग्न होऊन बहारीनला आली. नवरा अर्शद, त्याचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. सासूनं आल्या आल्या एकच शिकवण दिली: खोलीतून बाहेर पडताना सगळी बटणं बंद. इथे बाहेरून आलेल्यांना वीज महागच पडते, त्यामुळे दारातल्या बोर्डाकडे जाणारा हात आमच्याकडे प्रत्येक घरात असतो. अल्फियाचा मात्र डोक्याला न विचारताच जातो.

मुलं ईसा टाउनच्या शाळेत वरच्या वर्गात गेली, तशी ती घरात मावेना. मग मूळच्या पुण्याच्या गौरव सरांच्या इथल्या छोट्या प्रयोगशाळेत नोकरी धरली. कच्ची नोकरी, पण काम मला हेवा वाटावा असं. मीही केमिस्ट्रीचीच; पण आमच्या कॉलेजात जे काही व्हायचं ते पाण्यात. हिच्याकडे पाण्याला बंदी. हिच्याकडे मीठच वितळवून त्याचा पातळ, स्वच्छ रस करतात आणि त्यात धातू सोडतात.

धातूचा आयन कधी एकटा राहत नाही. कोबाल्ट पाण्यात टाकला की पाण्याचे सहा रेणू त्याला घेरतात आणि पाणी गुलाबी होतं. तोच लिथियम आणि पोटॅशियम क्लोराइडच्या रसात टाकला तर चार क्लोराइड त्याला मधे घेऊन बसतात आणि सगळा रस गडद निळा होतो. मिठांचं प्रमाण बदललं की ही बैठकही थोडी बदलते. रसातून प्रकाश पाठवून अल्फिया ते मोजते. जुन्या बॅटऱ्यांतला कोबाल्ट परत मिळवू पाहणाऱ्या एका कंपनीला ही मोजणी हवी होती. कंपनीची माणसं ऑगस्टमधल्या एका रविवारी ती बघायला येणार होती. त्यांचं काम मिळालं तर अल्फियाची नोकरी पक्की. नाही मिळालं तर महिनाअखेरीला खलास, असं सरांनी तिला सांगितलेलं.

यात खरा त्रास लिथियम क्लोराइडचा. इतकं हावरट मीठ दुसरं नाही. हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि ऑगस्टमध्ये इथली हवा म्हणजे ओला टॉवेल. म्हणून ते काचेच्या नळीत भरून, पंपानं आतली हवा सतत ओढत, शुक्रवार-शनिवारची अख्खी सुट्टी हळूहळू तापवत सुकवायचं. ओलं राहिलं तर वितळताना त्यातून ऑक्साइड तयार होतं, ते कोबाल्टला क्लोराइडपासून तोडतं आणि रसात काळी कुसळं तरंगायला लागतात.

गुरुवारी संध्याकाळी सगळं लावून ती घरी आली. शुक्रवारी जेवणानंतर माझ्याकडे आली, बिर्याणीचा डबा ठेवला, रविवारबद्दल भरभर बोलली आणि निघाली. जाता जाता दाराशी हात गेला आणि माझा एसी बंद.

“अगं, मी बसलेय इथे,” मी म्हटलं.

तिचा हात बटणावरच राहिला.

“काकू,” ती म्हणाली, “मी काल पंप बंद केला.”

पंप आणि हीटर, दोन्हींची बटणं तिथेही दाराजवळच्या बोर्डावर. आठवत काही नव्हतं, पण हाताची तिला खात्री होती. ती तशीच टॅक्सीनं लॅबला गेली. सुट्टीत सरांच्या परवानगीशिवाय दार उघडत नाहीत. पहारेकऱ्यानं “मफी”, म्हणजे नाही, म्हणून हात हलवला. सरांना फोन कर, असं मी बजावलं. ते उद्यावर ढकलून ती अंधार पडेपर्यंत गल्लीतून फिरत राहिली. अर्शद तिला शोधत माझ्याकडे आला. घरातलं बिल वाचवते ते ठीक, लॅबचं वाचवायला हिला कुणी सांगितलं होतं, म्हणाला. मला हसू आलं. तो हसत नव्हता.

शनिवारी सकाळी तिनं सरांना फोन केला. सरांनी दार उघडवलं. पंप बंदच होता आणि मीठ नळीला चिकटून लगदा झालेलं. पुन्हा सुकवायला वेळ नव्हता आणि पाहुणे तर विमानात बसलेले. सर म्हणाले, जमेल तेवढं सुकव आणि उद्या वितळव, निळं तर दिसेलच, बाकीचं कुणाला कळतंय.

संध्याकाळी ती माझ्या बाल्कनीत खेपा घालत होती.

“निळं दिसेलच, काकू. जरा गढूळ. मग?”

“मग तुला काय हवंय, नोकरी की मोजणी?”

“दोन्ही.”

“ती वेळ गुरुवारी गेली.”

तिनं माझ्याकडे रागानं पाहिलं; म्हातारी म्हणून माझी भीड ठेवली एवढंच. चहा न पिता गेली.

रविवारी तिनं मीठ वितळवलं आणि कोबाल्ट टाकला. पाहुणे भट्टीच्या खिडकीतून बघून निळा, सुंदर, असं म्हणायला लागले. सर खूश. अल्फियाला मात्र तळाशी काळं फिरताना दिसत होतं. यंत्र आकडे काढायला लागलं, तशी ती मधे येऊन उभी राहिली आणि इंग्रजीत म्हणाली, “या मिठात पाणी गेलंय. पंप माझ्या हातून बंद झाला. हे आकडे धरू नका.”

पाहुणे सही न करता गेले. दुसऱ्या दिवशी मात्र सरांनी स्वतःच लिथियम क्लोराइडची नवी बाटली तिच्या टेबलावर आणून ठेवली. ती कामाला लागली. पुढची सुट्टी तिनं लॅबमध्ये पंपाचा आवाज ऐकत काढली. अर्शद डबा पोचवायचा. या वेळी रस इतका स्वच्छ निघाला की भांड्याचा तळ दिसत होता. जुने आणि नवे, दोन्ही आकडे तिनं सरांकडून कंपनीला पाठवले.

उत्तर यायला महिनाअखेर झाली. तेवढे दिवस माझ्या फरशीचं काय झालं ते मलाच माहीत. कंपनीनं काम दिलं, सहा महिन्यांचं. तिची नोकरीही तेवढीच.

“सहाच महिने, काकू. पुढं काय?” म्हणत ती पेढे ठेवून निघाली, आणि माझा एसी बंद.

मी ओरडले. लॅबमध्येही हेच का, म्हटलं.

“नाही,” ती जिन्यावरून म्हणाली. “तिथून निघताना उजव्या हातात डबा धरते आणि डाव्यात पर्स. दार पायानं ढकलते.”

उठून एसी मीच लावला.