उरलेली अर्धी गोलाई

जानेवारीतला दुसरा रविवार, सकाळ. बदलापूरचा बुद्धविहार. हजर : प्रज्ञाची आई, आमचे सेठजी, मिलिंगवाले पांडूमामा, कारखान्यातली झाडून सगळी माणसं आणि मी. गैरहजर : प्रज्ञा. तिच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमातही मी मनातल्या मनात हजेरी घेत होते. अंबरनाथच्या आमच्या छोट्या कारखान्यात नियोजन माझ्याकडे, मशीनचं प्रोग्रॅमिंग तिच्याकडे. त्यामुळे याद्या करायची सवय माझी आणि त्यांची टर उडवायची तिची. दिवाळीनंतर कावीळ झाली काय, आणि ती गेली काय... निघताना तिच्या आईने माझा हात धरला. "त्या चक्राचं काय झालं गं?"

सात-आठ वर्षांपूर्वी, नव्वदीच्या सुरुवातीला, कॅम्प पाचमधल्या आमच्या सिंधी सेठजींनी कर्ज काढून संगणकावर चालणारं, धातू कापून आकार देणारं मिलिंग मशीन आणलं, तेव्हा त्याच्याजवळ जायला कोणी तयार नव्हतं. प्रज्ञा ड्रॉइंग विभागात होती. ती आपण होऊन पुढे झाली आणि मशीनबरोबर आलेली जाडजूड इंग्रजी पुस्तकं घेऊन बसली. पहिलंच काम पंख्याच्या झाकणाच्या साच्याचं होतं. सरळ रेषा मशीन झकास कापायचं. गोलाई आली की जागच्या जागी थांबायचं, लाल दिवा लागायचा आणि पडद्यावर अलार्म यायचा. आठवडाभर हेच. सेठजी वैतागले. "अरे बाबा, ये मशीन आहे का नवी नवरी? रोज रुसते! शनिवारपर्यंत बघतो. नाहीतर ठाण्याचा माणूस बोलावतो, आणि मॅडम परत ड्रॉइंग बोर्डवर." डबा खाताना प्रज्ञा मला म्हणाली, "एकदा परत गेले ना, तर या मशीनला कुठलीच बाई पुन्हा हात लावणार नाही, बघ."

तिने आधी दिशा तपासली. गोलाई घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरवायची की उलट, याच्या आज्ञा वेगळ्या असतात. त्या बदलून पाहिल्या; तोच अलार्म. मग पांडूमामांनी उपाय सुचवला. हाताच्या मिलिंगवर त्यांचं अख्खं आयुष्य गेलेलं. "पोरी, बारीक बारीक सरळ रेषा जोड आणि गोल कर. राहिलंसाहिलं मी कानशीने घासतो."

"मामा, मग मशीन कशाला? तुमची कानसच पुरे की."

"तेच तर मी सेठला सांगत होतो!"

सगळे हसले, पण शुक्रवार उजाडला होता. त्या दुपारी तिने खडूने साचा जमिनीवर मोठा करून काढला. सुतळीच्या एका टोकाला खडू बांधला आणि तो पांडूमामांच्या हातात दिला. "तुम्ही मशीनचं टूल, म्हणजे कापणारं पातं. गोलाई सुरू होते तिथे उभे राहा. मी केंद्रावर सुतळी धरून उभी राहते. आता सांगा, मी कुठे आहे?" मामा तिच्याकडे न येता साच्याच्या कोपऱ्याकडे गेले आणि तिथून पावलं टाकत मोजू लागले. त्यांचं काही चुकत नव्हतं. आमच्या कारखान्यात प्रत्येक माप कामाच्या डाव्या कोपऱ्यापासून घ्यायची पद्धत. ती त्यांनीच सगळ्यांना लावलेली, प्रज्ञालासुद्धा. "अहो मामा, कोपऱ्यापासून काय मोजताय? तुमच्यापासून मी किती लांब ते..." आणि ती बोलता बोलता थांबली. सुतळी सोडून सरळ मशीनकडे गेली.

आमचं मशीन तेच विचारत होतं. गोलाईसाठी त्याला केंद्र हवं होतं टूल उभं होतं तिथून मोजलेलं, आणि ती सवयीने आकडे देत होती कोपऱ्यापासूनचे. मग सुरुवात, शेवट आणि केंद्र यांचा मेळ बसायचा कसा? तिने केंद्राचे आकडे नव्याने मोजून भरले. आधी टूल वर उचलून प्रोग्रॅम नुसता हवेत चालवला. अलार्म नाही. मग साचा कापला. पांडूमामांनी गोलाईवरून अंगठा फिरवला आणि कानस गुपचूप खणात टाकली. शनिवारी सेठजी आले, साचा उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "आता ये मशीन मॅडमचीच."

पुढे चिखलोली, वांगणीकडच्या किती मुली तिच्या हाताखाली तयार झाल्या! नव्या मुलीला ती कधी पुस्तकापासून सुरुवात करू द्यायची नाही. पहिल्या दिवशी खडू, सुतळी आणि तिचं ते ठरलेलं सांगणं : "तू कुठे उभी आहेस ते आधी बघ. केंद्र तिथून मोज." कुणाची गोलाई अडली की मशीनजवळ दोघी-तिघी सुतळी धरून गोल गोल फिरताना दिसायच्या. बाहेरच्याला वाटावं, मधल्या सुट्टीचा खेळ चाललाय.

विहारासाठी पितळी चक्र करायचं तिने गेल्या वर्षी ठरवलं. सुट्टीच्या दिवशी मशीन वापरायची परवानगी सेठजींनी दिली. आऱ्या झाल्या. आमचं मशीन पूर्ण वर्तुळ एका आज्ञेत करत नाही, म्हणून बाहेरची कड दोन अर्ध्या गोलाया करून कापायची होती. पहिली कापून झाली आणि ती आजारी पडली. मधल्या काळात कामं अडायला नकोत म्हणून चक्राची पितळी प्लेट मशीनवरून उतरवावी लागली.

सोमवारी कामावर गेले तेव्हा सुतळी मशीनशेजारच्या खिळ्याला लटकत होती, टोकाला झिजलेला खडू. प्लेट कपाटात आहे. प्रोग्रॅमही आहे. पण उतरवलेली प्लेट परत बांधायची, तर टूल नेमकं कुठे उभं करायचं ते नव्याने शोधावं लागेल. तिथे चूक झाली तर दोन्ही अर्ध्या गोलाया जुळणार नाहीत. तिने शिकवलेली वांगणीची सविता मला म्हणाली, "मॅडम, रविवारी मी बांधते. मामा, तुम्ही सुतळी धरा."

माझ्या या आठवड्याच्या यादीत एकच काम खोडायचं राहिलंय : चक्र, दुसरी गोलाई.