बाबांसाठी पाहिलेला नायगारा

नायगारा पाहायची हौस आईची नव्हती, बाबांची होती. पवनीच्या आमच्या घरात एका जुन्या कॅलेंडरवर त्याचं चित्र होतं आणि ते वर्ष कधीच सरून गेलं तरी बाबांनी कॅलेंडर खिळ्यावरून उतरू दिलं नव्हतं. सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी अमेरिकेत नोकरीला लागलो होतो आणि दोघांनाही बोलावलं होतं. बाबांनी लिहिलं की तिकडं असेपर्यंत धानाची रोवणी, म्हणजे लावणी, तोंडावर येईल, ती सोडून येणं जमणार नाही. खरं कारण विमानाची भीती हे होतं, पण ते कबूल कोण करणार! आईला मात्र त्यांनी धाडलं. निघताना म्हणाले, "तू जा. तो धबधबा नीट पाहून ये आन मंग मले सांगजो."

त्यामुळे आई आमच्याकडे आली ती एक काम घेऊनच. तीन महिने ती त्या घरात मन मारून राहिली. शेजारी बोलायला कोणी नाही, दारात उभं राहावं तर रस्त्यावर चिटपाखरू नाही. मी दर शनिवारी पुढच्या शनिवारचा वायदा करायचो. शेवटी एकदाचा दिवस ठरला. चार तासांचा रस्ता होता. पहाटे उठून तिनं तिखटमिठाच्या पुऱ्या केल्या, हिरवं लुगडं नेसली, ठसठशीत कुंकू लावलं आणि आमची तयारी व्हायच्या आत गाडीत जाऊन बसली.

मी दाराला कुलूप लावत होतो तेवढ्यात आत फोन वाजला. तार होती, आणि तिथं तार आधी फोनवर वाचून दाखवत. एका बाईनं अगदी नीट, सावकाश, एकेक शब्द सुटा करून सांगितलं की वडील गुरुवारी वारले, अग्नी दिला. पाठवणारा माझा धाकटा भाऊ. तो आमच्याच जिल्ह्यातल्या जवाहरनगरच्या कारखान्यात नोकरीला होता. शेवटी तिनं विचारलं, पुन्हा वाचू का? मी नको म्हणालो.

बायको मागे उभी होती. माझा चेहरा पाहून तिला कळलंच. ती म्हणाली, "आत्ताच सांगून टाका."

"जेवल्यावर सांगतो," मी म्हणालो.

आमच्याकडे मरणाची बातमी उपाशी माणसाला सांगत नाहीत. आधी दोन घास पोटात जाऊ देतात, मग कोणीतरी मोठं माणूस जवळ बसतं आणि सांगतं. बाहेरगावच्याला तर तब्येत जास्त बिघडली आहे, निघून ये, एवढंच कळवतात. मोठा मुलगा म्हणून भावानं मला सरळ सांगितलं होतं. आईला सांगायचं काम माझं होतं. रीत चांगली आहे, तिला मी दोष देत नाही. मी त्या रीतीच्या आड लपलो, एवढंच.

गाडीत आई एकसारखी बोलत होती. तीन महिन्यांत बोलली नव्हती एवढी. शेताच्या धुऱ्यावर आता कोण असेल, रोवणीसाठी धानाचे परे उपटून झाले असतील का, तुह्या बाबाले उन्हाचं भान राहत नाही. मी हं हं करत होतो. बायको मागे खिडकीकडे तोंड करून बसली होती. वाटेत एका बागेत आम्ही पुऱ्या खाल्ल्या. आईनं पोटभर खाल्लं, मला आग्रह करून वाढलं. मी घास गिळले आणि मनाशी म्हणालो, आता इतक्या जवळ आलोच आहोत, तिला पाहू दे, मग सांगू.

धबधबा दिसला तेव्हा ती कठड्याला धरून उभी राहिली. मग म्हणाली, "आपल्या वैनगंगेचा पूर उभा केला तर असाच दिसन." लगेच मला कामाला लावलं. उंची किती, रुंदी किती, पाणी येते कुठून, जाते कुठं. "नीट सांग. तुह्या बाबाले सांगाव लागते. ते खोदून खोदून विचारतीन." मी पाटीवरचं वाचून सांगत होतो आणि ती ओठ हलवत पाठ करत होती. मरून दोन दिवस झालेल्या माणसासाठी.

खाली बोट धबधब्याच्या जवळ जाते. रबरी कोट देतात, तरी माणूस भिजतोच. कुणी गेल्याचं कळलं की आमच्यात आधी डोक्यावरून पाणी घ्यायचं असतं. मी सकाळी घेतलं नव्हतं, आईनं विचारलं असतं म्हणून. बोटीत मी कोटाची टोपी मागे टाकली आणि तुषारांनी डोकं चिंब झालं. बापाच्या नावाची माझी आंघोळ ती. शेजारी आईही टोपी काढून भिजत होती आणि लहान पोरीसारखी हसत होती. तिचीही आंघोळ झाली, तिला न विचारता.

परत येताना ती झोपली. तिला उठवून काय सांगायचं, म्हणून त्या दिवशी राहिलं. दुसऱ्या दिवशी मी बाबांची तब्येत जास्त आहे एवढंच सांगितलं. मिळालं ते तिकीट काढून आठवड्यानं तिला एकटीला विमानात बसवून दिलं. नोकरी नवी आहे, रजा मिळत नाही, असं मी सगळ्यांना सांगितलं. रजा मी मागितलीच नव्हती. मुंबईला भाऊ घ्यायला आला होता. घरी पोचेपर्यंत बोलू नको, असं त्यालाही मीच बजावलं होतं. दहावं आटोपलेल्या अंगणात ती कुंकू लावून, हातभर बांगड्या घालून उतरली. बाया एकदम गप्प झाल्या. भावानं लिहिलं की आईनं कुणालाच काही विचारलं नाही, ओट्यावर बसली आणि मांडीवरची प्रवासाची पिशवी सोडेना.

दोन वर्षांनी मी गेलो. ती सुपात तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तार कोन्या दिवशी आली होती?"

खोटं बोलायचं ठरवून आलो होतो. बोलता आलं नाही. "शनिवारी."

"धबधब्याच्या दिवशी?"

"हो."

"निंगायच्या आधी का मंग?"

"आधी."

ती खडे वेचत राहिली. मग मीच म्हणालो, "तुझा एक दिवस तरी सुखात जावा म्हणून नाही सांगितलं, आई."

"माह्यासाठी नाही," ती म्हणाली. "तुले सांगता येत नव्हतं म्हणून. मी तिकडं हासत होती, बाबू. आन मंग दहा दिवस त्याईले काय काय सांगाचं ते घोकत होती." आवाज चढला नव्हता. त्या मुक्कामात तिनं मला नेहमीसारखं करून घातलं, निघताना हातावर दही दिलं. धबधब्याचं नाव आमच्यात पुन्हा निघालं नाही.

ऐंशीचं दशक संपता संपता भावाचं साधं पत्र आलं. आई गेली. तेरवी काल झाली. तोवर पवनीच्या घरी फोन आला होता, मोहाडीला राहणाऱ्या मावशीकडेही होता, तरी कुणी फोन केला नव्हता. मी पवनीला फोन लावला आणि विचारलं, "काहून नाही कळवलं रे?"

तो म्हणाला, "आईनंच बजावलं होतं. मोठ्याले तेरवी होईपर्यंत सांगू नको म्हणे, त्याले सुखात राहू दे."

मी त्याच्यावर चिडलो नाही. चिडायला मला तोंड नव्हतं.