कार्डवाले नाना आणि सात विहिरी

कार्डवाले नाना कुठलीही वस्तू आधी उजेडासमोर धरून बघत. भाकरी असो, नोट असो, नाहीतर लग्नाची पत्रिका. उधन्याच्या आमच्या कारखान्यात जकार्ड मागांसाठी पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायचं त्यांचं काम. भोकं असतील तसे माग धागे उचलणार, तशीच नक्षी विणणार. एक भोक चुकलं की साडीवरच्या मोराला तीन पाय! त्यामुळे आरपार दिसेल तेवढंच खरं, असा त्यांचा खाक्या. कारखान्यात ते मराठी बोलत, पण जिवावरचं काही असलं की अहिराणी.

नव्वदच्या दशकात मी तिथे मागावर होतो. एकदा पाळीवर येताना पिसाळलेल्या कुत्र्याने माझी पोटरी फोडली. लोक जखमेत मिरचीपूड भरायला धावले. नानांनी त्यांना हाकललं आणि नळाखाली पाव तास साबणाने पाय धुतला. मी ओरडलो तर म्हणाले, "ओरड. साबण थांबायचा नाही."

तिथून त्यांनी मला सरकारी दवाखान्यात नेलं. पोटात चौदा इंजेक्शनं! पहिल्यालाच मी गार पडलो. घरी आई पिशवी भरून बसलेली. कुत्रं चावलं की सात विहिरींत डोकावायचं, हा आमच्या खानदेशातला उपाय, आणि उधन्यात बघावं तिकडे हातपंप. म्हणून गावी जायचं. खरं सांगतो, मलाही विहिरीच बऱ्या वाटत होत्या.

नाना मला घरी सोडायला आले होते, आणि त्यांनी डॉक्टरांना खोदून खोदून विचारलं होतं. त्यांनी खिशातलं एक कार्ड तेलकट कागदात गुंडाळून आईसमोर धरलं. "हा विषाणू. आत कार्ड, वर चरबीचा पापुद्रा. साबणाने पापुद्रा विरतो. याला ना माग, ना सूत. पोराच्या नसेत घुसतो, त्याच्याच मागावर आपलं कार्ड चढवतो आणि त्याच्याच सुतातून आपल्यासारखे हजारो काढतो. मेंदूत पोचला की संपलं. पण चालतो हळू. तोवर इंजेक्शनं अंगाला त्याची ओळख पटवतात."

आई पिशवी सोडेना. मग नाना जमिनीवर बसले.

"बहिन, मना धाकला भाऊले मीच सात हिरी दखाड्यात. महिनाभरमा गया तो."

आईने पिशवी खाली ठेवली. उरलेले तेरा दिवस नाना माझ्याबरोबर दवाखान्याच्या रांगेत उभे होते.

नाना जाऊन आता वर्षं झाली. मी मात्र धडधाकट आहे, आणि हे त्यांचं देणं आहे हे मी कधी विसरत नाही. सुया संपल्यावरही ते रोज जेवणाच्या सुट्टीत पाण्याचा ग्लास माझ्या हातात देत आणि माझ्या गळ्याकडे टक लावून बघत. हा रोग झाला की माणसाला पाणी गिळता येत नाही. तीन महिने झाले तेव्हा मी वैतागलो. "नाना, अजून किती दिवस?"

ते ओशाळले. "तू पानी पिना का मंगच मना घास उतरस."

मी ग्लास रिकामा केला, दुसरा भरून घेतला आणि त्यांच्यासमोर घटाघटा प्यायलो. नानांनी डबा उघडला.