भोंग्याचा दम

बस डेपोत त्याला सगळे भोंगा म्हणायचे. सव्वीस वर्षं बस चालवून पोट स्टिअरिंगला टेकायला लागलं होतं, पण आवाज असा की त्याने गेटवरून हाक मारली तर पार धुलाईच्या शेडमधला माणूस दचकावा. त्यामुळे पन्नाशी उलटल्यावर त्याने गाण्याचा क्लास लावला, तेव्हा दोन महिन्यांत आपण मैफल गाजवू, अशीच त्याची समजूत होती.

क्लासच्या बाईंनी ती पहिल्याच आठवड्यात खोटी ठरवली. त्यांनी शिकवायला घेतलेल्या गाण्यात एक लांबलचक ओळ होती, एका दमात म्हणायची. निम्म्यावर पोचेपर्यंत भोंग्याचं तोंड लालबुंद व्हायचं, खांदे कानाला भिडायचे आणि आवाज पंक्चर झाल्यासारखा बसायचा.

बाईंनी त्याला भिंतीला पाठ लावून उभं केलं.

"तुम्ही श्वास खांद्यांनी घेताय. तो खाली उतरायला हवा, बरगड्या बाजूंनी फुगायला हव्यात. बसून बसून पाठ आखडलीय, पोट सुटलंय, त्याला उतरायला जागाच नाही. रोज पाऊण तास भरभर चाला. जिने चढा."

"बाई, मी गाणं शिकायला आलोय, कुस्ती खेळायला नाही."

"आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?" बाई म्हणाल्या आणि त्यांनी वही मिटली.

घरी बायकोने ऐकलं आणि कमरेवर हात ठेवले. "दहा वर्षं मी चाला म्हणतेय, ते पालथ्या घड्यावर पाणी. बाईंनी सांगितलं की लगेच नवे बूट!"

तो चालू लागला, पण शिव्या देत. पहाटे उठून कॉलनीला चार फेऱ्या, मग पाच मजले पायी. तिसऱ्या मजल्यावर नाकी नऊ यायचे. गुडघे कुरकुरायचे. जिन्यात भेटलेला मेहुणा म्हणाला, "काय दाजी, लिफ्ट बंद आहे?" त्याला उत्तर द्यायलाही छातीत हवा नव्हती. तीन महिन्यांनी पट्टा दोन भोकं आत गेला, पण क्लासमध्ये ओळ मात्र तुटायची ती तुटायचीच. वर बाई दर वेळी म्हणायच्या, "चालणं सोडू नका."

मग डेपोतल्या म्हाताऱ्या फिटरचा निरोप समारंभ आला. त्याने स्वतः सांगितलं होतं, "भोंग्या, तू शिकतोयस तेच गाणं मला हवं." भोंगा उभा राहिला, पाय रोवले, श्वास खालून भरला आणि सुरुवात केली. निम्मी ओळ गेली. पाऊण गेली. अगदी शेवटच्या दोन शब्दांवर दम संपला आणि भर सभेत ओळ तुटली. कडेला कोणीतरी खाकरलं. भोंग्याने दात-ओठ खात श्वास घेतला आणि उरलेली तिन्ही कडवी म्हणून टाकली.

टाळ्या पडल्या. फिटरने डोळे पुसले. भोंगा मात्र खुर्चीत धुमसत बसला.

दुसऱ्या दिवशी तो क्लासमध्ये तडतडला, "शंभर दिवस पाय झिजवले आणि दोन शब्दांनी तोंडघशी पाडलं!"

"पुढे गायलात की थांबलात?"

"गायलो. तीन कडवी."

"धाप लागली?"

भोंग्याने नकारार्थी मान हलवली. लागली नव्हती. पूर्वी एका कडव्यानंतर त्याला पाणी लागायचं.

"हे तिथल्या तिथे लक्षात नाही आलं तुमच्या?"

"चिडलो होतो, बाई. अजून चिडलोय."

"चिडा. पण आता चढावरून चाला. सपाट रस्ता पुरे झाला."

"म्हणजे अजून?" तो ओरडला, आणि शेजारच्या खोलीतल्या पोरी दचकून गायच्या थांबल्या.

घरी जाताना तो पाण्याच्या टाकीकडे जाणाऱ्या चढावापाशी थांबला. चढ बघून त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. "छळ नुसता," तो पुटपुटला आणि चढायला लागला.