माझ्यामुळे हरलेला सीझन

आमचे हे बेसबॉल खेळत नाहीत. बेसमेंटचा जिना चढतानासुद्धा त्यांना मध्ये थांबून दम घ्यावा लागतो. पण एप्रिल लागला, की जेवताना ‘आपली बॅटिंग’ आणि ‘आपला पिचर’ सुरू. टोरोंटोची टीम जिंकली तर ‘आपण जिंकलो’, हरली तर ‘हरले गाढव’. तिथून सप्टेंबरअखेरपर्यंत जवळजवळ रोज मॅच. टोरोंटोच्या स्कारबरो भागात नवीन राहायला आलो तेव्हा हेच म्हणायचे, सगळे फुलटॉस, यात कसलं डोंबलाचं कौशल्य! रिटायर झाले आणि त्याच फुलटॉसपायी घरातलं जेवणाखाण्याचं वेळापत्रक बदललं.

यंदा त्यात आणखी एक भानगड झाली. मे महिन्यात एकदा मी चहाचा कप घेऊन सोफ्यावर टेकले आणि समोरच्या टीममधल्या एकाने बॉल थेट प्रेक्षकांत टोलवला, म्हणजे होमरन. दुसऱ्या दिवशी मी बसले, पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी हे टीव्हीवरची नजर न काढता म्हणाले, “अगं, ड्रायरमधले कपडे राहिलेत ना? जरा खाली जाऊन ये.” मी गेले आणि टीम जिंकली. झालं! त्या दिवसापासून मॅच सुरू झाली, की मी बेसमेंटमध्ये.

माणूस इंजिनिअर बरं का. महाराष्ट्र मंडळात बुवाबाजीवर तावातावाने बोलणारा, मुलाच्या लग्नात पत्रिकेचं नाव काढलं म्हणून व्याह्यांची शाळा घेणारा. आणि हाच माणूस टीम जिंकत असेपर्यंत टीमची टोपी धुवायला टाकत नव्हता. ऑक्टोबरात टीम प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत गेली, तर ते संपेपर्यंत गाडीला विंटर टायर्स बसवायचे नाहीत म्हणे. टोपीचा वास मी सहन केला. लहानपणी घरी क्रिकेट लागलं की मोठी माणसं आम्हाला जागचं हलू द्यायची नाहीत, तेव्हा हेही त्यातलंच, असं म्हणून मी खाली जाणंही हसण्यावारी नेलं.

पण खाली बसून रोज करणार काय? कपड्यांच्या किती वेळा घड्या घालायच्या? मुलाने कॅल्गरीहून पाठवलेला टॅब पडून होता, त्यावर मीही मॅच लावायला लागले. टॅबवरचं चित्र जरा मागे असायचं. म्हणजे आधी डोक्यावर यांची उडी ऐकू यायची आणि मग मला होमरन दिसायचा. खोटं कशाला बोलू, मला गोडी लागली. हळूहळू माझे आवडते खेळाडू ठरले, नावडतेही. फक्त ते कुणाशी बोलायची सोय नव्हती. वर सोफ्यावर बसून, यांच्या शेजारी, एक तरी मॅच शेवटपर्यंत बघावी असं फार वाटायचं. घर दोघांचं, सोफाही मीच पसंत केलेला.

प्लेऑफमधली ती निर्णायक मॅच रविवारी दुपारी होती. हरलो तर सीझन संपला. यांचे दोन मित्र आले होते. मी बटाटेवडे तळून दिले, चटणी दिली आणि मुकाट्याने खाली गेले. आमच्याकडे हीटिंगच्या जाळीतून वरचं बोलणं खाली स्पष्ट ऐकू येतं. एका मित्राने विचारलं, “वहिनी कुठे?”

“खाली ठेवलीय,” हे म्हणाले. “काळजी नको.”

ठेवलीय! लोणच्याची बरणी आहे मी? टॅब बंद केला, वर गेले आणि सोफ्याच्या कोपऱ्यात बसले. यांचा चेहरा पडला, पण मित्रांसमोर बोलतात काय? आपण पुढे होतो. पुढच्या दहा मिनिटांत समोरच्यांनी होमरन मारला आणि आपण मागे पडलो.

“बघ,” हे म्हणाले. “तू आलीस आणि गेलं.”

“मी काय आज बघतेय होय? खाली टॅबवर अख्खा सीझन बघितलाय मी,” मी म्हटलं. “तेव्हा कसे जिंकत होतात?”

आता तरी बोलती बंद होईल असं वाटलं होतं. पण हे मांडीवर थाप मारून म्हणाले, “तरीच! ऑगस्टमधल्या त्या सगळ्या मॅचेस हिच्यामुळे गेल्या!”

तिघंही हसले. सगळ्यात जास्त वेळ हेच हसत होते.

आमचं लग्न झालं आणि महिन्याभरात सासऱ्यांची कंपनी बंद पडली. यांच्या आत्या पंगतीत सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, सून पांढऱ्या पायाची निघाली. तेव्हा हे भरल्या ताटावरून उठले होते. पुन्हा हा शब्द ऐकू आला तर आम्ही दोघं या घरात राहणार नाही, असं आत्यांना तोंडावर सांगितलं होतं. त्या एका वाक्यावर मी सातासमुद्रापार आले, इथल्या थंडीत संसार केला. आता त्याच माणसाला हसताना बघत होते. मला रडू आलं नाही, संताप आला. उठून मात्र गेले नाही. शेवटच्या आऊटपर्यंत बसले. आपण हरलो. मित्र वडे संपवून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी यांनी आपणहून चहा केला. माझा कप सोफ्यापाशी आणून ठेवला. टीव्ही बंद होता. बराच वेळ टोपीशी चाळा करून म्हणाले, “तू आपली इथेच बसत जा. कुठे खाली जायची गरज नाही.”

“हे मॅच चालू असताना म्हणा,” मी म्हटलं आणि कप घेऊन खाली गेले.