गोपीचंदमामांची पोच

वसमतच्या कॉलेजात गोपीचंद राठोडांचं पद शिपायाचं, तोरा मात्र जहागीरदाराचा. प्राचार्यांपासून पोरांपर्यंत सगळे त्यांना मामा म्हणत. कुणी ‘ए शिपाई’ म्हणालंच, तर त्याला त्या दिवशी मामांच्या हातचं पाणी मिळत नसे.

तोऱ्याला कारण होतं. संशोधनाला पैसा मागायचे प्राध्यापकांचे प्रस्ताव विद्यापीठात पोचवायचे मामांनी. गठ्ठा पांढऱ्या धडप्यात बांधून ते एसटीत खिडकीशी बसत आणि तो मांडीवर घेत. खाली ठेवणं नाही, वरच्या फळीवर टाकणं तर नाहीच. कंडक्टर खेचायचा, “मामा, नवरी घेऊन निघालात काय?”

“तू तिकीट फाड. तांड्याच्या माणसाचा माल हाये, पोचल्याबिगर भुईला टेकत न्हाई.”

त्यांच्या आज्या-पणज्यांची लदेणी होती. बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरायचे. त्या धंद्याचा कायदा मामांनी तसाच पाळला. अमावस्येला निघायचं नाही आणि पोच घेतल्याशिवाय परतायचं नाही. पोच द्यायच्या विद्यापीठातल्या शालूबाई. शिक्क्यावर तोंडाची वाफ सोडून असा ठोकायच्या की टेबलावरची कपबशी उडायची. तो आवाज ऐकून मामांना भूक लागे.

मग सगळं ऑनलाइन झालं. एसटीच्या फेऱ्या संपल्या आणि धडपा खुर्च्या पुसायला गेला.

अशात साधना मॅडमनी एक प्रस्ताव लिहिला. हळदीला पॉलिश करायच्या ड्रममधून जी धूळ उडते, ती तिथं राबणाऱ्या बायांच्या छातीत किती जाते, याचा. मामांची बायको मिराबाई त्याच ड्रमपाशी कामाला. घरी आली की खोकून खोकून पदरात पिवळं थुंकायची. दवाखान्यात म्हणायचे, सर्दी आहे. मालक म्हणायचा, हळद तर औषध! बायांची छाती तपासायला पैसा द्या म्हणून कुणीतरी पहिल्यांदा वर मागत होतं. मामांनी त्या प्रस्तावावर डोळा ठेवला.

मुदतीच्या आदल्या संध्याकाळी मॅडम बटण दाबणार, तोच मामा दारात आडवे. “मॅडम, आज न्हाई. अमावस्या लागली. उद्या दुपारी सरते, मंग धाडा.”

“मामा, कम्प्युटरला कसली अमावस्या?”

“कम्प्युटरला न्हाई, मालाला हाये!”

मॅडम शिरड शहापूरच्या शेतकऱ्याची लेक. बापानं जन्मात अमावस्येला तिफण धरली नव्हती. हसल्या आणि लॅपटॉप मिटला. उद्या संध्याकाळपर्यंत मुदत होतीच.

दुसऱ्या दिवशी अमावस्या सरली आणि मॅडमनी बटण दाबलं. पडद्यावर चाक फिरायला लागलं. फिरतच राहिलं. विद्यापीठात फोन लागेना. मामा आधी नेटवाल्यावर भडकले, मग प्राचार्यांवर, मग धडपा घेऊन खुर्च्या पुसत सुटले. चूक कुणाची, हे त्यांना बराबर कळलं होतं. मान्य करतील तर मामा कसले!

“उचला तो लॅपटॉप. विद्यापीठात जाऊन धाडू.”

“तिथं कागद घेत नाहीत मामा.”

“कागद कोण देऊन राहिलं? तिथलं नेट तर चांगलं आसंल!”

एसटीत मामांनी लॅपटॉप मांडीवर घेतला. खुर्च्या पुसायच्या त्याच धडप्यात गुंडाळून. रस्त्याच्या कडेला हळद शिजवायच्या कढया धूर ओकत होत्या. तो वास नाकात गेला तशी मिराबाईची खोकल्याची उबळ कानात वाजली. मामांनी गठ्ठा आणखी घट्ट धरला.

शालूबाई आता केसांनी पांढऱ्या झालेल्या, कम्प्युटरपुढं बसलेल्या. वर न बघताच कावल्या, “काल दिवसभर एक प्रस्ताव न्हाई, अन् आज दुपारपासून ही झुंबड! सारे प्राध्यापक अमावस्या धरून बसले व्हते काय?”

मॅडमनी मामांकडं पाहिलं. मामा छताच्या पंख्याकडं.

मॅडमनी तिथंच बसून पुन्हा बटण दाबलं. दोनदा अडकलं, तिसऱ्यांदा गेलं. शालूबाईंनी उघडून पाहिलं, दिल्लीला पुढं लोटलं आणि म्हणाल्या, “झालं.”

“काय झालं? पोच?”

“मोबाइलवर आली की मॅडमच्या.”

“ते माझ्या डोळ्याला दिसत न्हाई. मी पोचेबिगर कवा गेलो व्हय शालूबाई?”

शालूबाईंनी चष्मा काढला. कितीतरी वर्षांनी दोघं एकमेकांकडं नीट बघत होते. “म्हातारा झाला, पण ताठा तसाच!” म्हणत त्यांनी तळाचा खण उपसला, जुना शिक्का काढला, त्यावर वाफ सोडली. “कागद न्हाई माझ्यापाशी. हात टेक हिथं.”

मामांनी उजवा तळहात टेबलावर ठेवला. शिक्का बसला. कपबशी उडाली नाही, पण मामांना भूक लागली.

तांड्यावर मिराबाई नुकती कामावरून आली होती, भुवयांपर्यंत पिवळी. मामांनी हात पुढं केला.

“काय वं हे? कुठं शाई सांडली?”

“तुह्या खोकल्याची पोच हाये. गेला आज दिल्लीला.”

“पैसा देतील?”

“ते न्हाई ठाव. पण आमच्याकडं आलंच न्हाई, आसं आता कुणी म्हणायचं न्हाई.”

तिनं ताट वाढलं. मामा त्या रात्री डाव्या हातानं जेवले.